तीन दगडांचं झाड

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. झऱ्याखालच्या हौदात गुडघाभर पाणी उरलं, शेतं मोकळी पडली, आणि सगळ्या गावाचे डोळे टेकडीकडे लागले. टेकडीवर आमची डिंकाची झाडं होती. त्यांना सुरी कधी लावायची ते मी सांगायचं, असं रान समितीत ठरलेलं होतं. मी अजून सांगितलं नव्हतं.

राखणीची शिट्टी त्या दिवशी आमच्या घरी होती. पाच वर्षांपूर्वी टेकडी पार बोडकी झाली, झरा आटला, तेव्हा गावानं रान बंद केलं. भोवती चर खणला. तेव्हापासून ही पत्र्याची शिट्टी रोज संध्याकाळी एका घरून पुढच्या घरी जायची. ज्याच्या दारामागच्या खिळ्याला शिट्टी, त्याच्या घरचं एक माणूस दुसऱ्या दिवशी टेकडीवर. आमचा अध्यक्ष पिठाची गिरणी चालवतो. तो म्हणायचा, "निम्म्या गावाची थुंकी त्या शिट्टीत आहे. म्हणून तर एकी टिकली."

गेले दोन महिने आमचीच काय, ज्याचे पाय दुखतात त्याचीही पाळी माझा जावईच करायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. तो सुताराचा मुलगा. माझ्या एकुलत्या एका लेकीशी लग्न करून आमच्याच घरी राहिला. माझी बायको गेल्यावर घरात आम्ही तिघंच. गाव त्याला आधी 'कायमचा पाहुणा' म्हणायचं, मग नुसतं 'पाहुणा' म्हणायला लागलं. हौदावर गेला की कुणीतरी विचारायचंच, "काय पाहुणे, कधी निघणार?" तो हसायचा. मीही हसायचो. एकदोनदा चारचौघांत मीही त्याला तसं म्हणालो होतो. तेव्हा त्याचं हसू किती वेळ टिकलं, ते मी पाहिलं नाही.

त्या दिवशी तो सकाळीच बाजाराच्या गावी निघून गेला होता. म्हणून शिट्टी मी गळ्यात घातली, सुरी कमरेला खोचली आणि काठी टेकत टेकडी चढलो.

मावळतीच्या उतारावर पोचलो तेव्हा वास आला. डिंकालाही वास असतो, पण तो नाकाजवळ धरल्यावर कळतो. हा दहा पावलांवरून आला. आंबूस होता. मग मुंग्या दिसल्या, जाड रांगच्या रांग. ती जिथं चढत होती तिथं खोडावरून मनगटाएवढा जाड डिंक ओघळला होता. पिवळा, पातळ, अजून ओला.

चाळीस वर्षं मी या झाडांना हात लावत आलो. चांगलं झाड एका खाचेतून दिवसाला चार खडे देतं, डोळ्याला पाणी यावं तसे. तेवढंच आपलं. गाय वासरासाठी पान्हा राखून ठेवते, तसं झाडही स्वतःपुरतं राखून ठेवतं. या झाडानं काही राखलं नव्हतं. ते जखम वाहावी तसं वाहत होतं.

ओघळाच्या वर सालीचा रंग थोडा वेगळा दिसला. नखानं खरवडलं तर वाळलेला चिखल निघाला, वरून सालीचा भुगा चोळलेला. सुरीच्या टोकानं बोळा उकरून काढला. आत बोटाएवढं गोल भोक होतं. गिरमिटाचं. गवताची काडी घातली तर वीतभर आत गेली, आणि बाहेर काढली तेव्हा तिला काळं पाणी लागलेलं. नाकाला चुरचुरलं. या औषधाबद्दल मी ऐकून होतो. भोक पाडायचं, औषध ओतायचं, वरून माती लिंपायची. झाड एका उन्हाळ्यात दहा उन्हाळ्यांचा डिंक देऊन टाकतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं.

मी गुडघा धरून खाली बसलो. बसल्यावर मला दगड दिसले.

या दगडांचं सांगायला हवं. ही माझ्या वडिलांची रीत. झाडाला एकदा खाच दिली की त्याला तीन वर्षं विसावा द्यायचा. पण एवढ्या झाडांत कोणतं किती विसावलं हे ध्यानात कसं राहणार? म्हणून दर वर्षी मुठीएवढा एक दगड बुंध्याशी ठेवायचा. तीन दगड झाले की झाड तयार. खाच दिली की तिन्ही दगड उचलायचे आणि झाडाच्या चढाकडच्या अंगाला एकावर एक रचून ठेवायचे, मोठा खाली, म्हणजे पुढच्या वर्षी शोधत बसायला नको. तिथून मोजणं पुन्हा पहिल्यापासून.

समिती झाली तेव्हा गिरणीवाला माझ्या मागं लागला होता. "काका, हे सगळं डोक्यात घेऊन मातीत जाणार आहात का? पोरांना शिकवा." मी वर्षभर टाळलं. मग शिकवलं. खाच किती खोल, सावलीच्याच अंगाला का, सुरीची मूठ ठोकून आतलं झाड जागं आहे की झोपलंय ते कसं ऐकायचं. चौघं शिकले. लेक मागं बसून वहीत लिहून घ्यायची. ती काय लिहिते ते आपल्याला कळावं म्हणून साठी उलटल्यावर मी तिच्याकडून अक्षरं शिकलो. मी झाड दाखवायचो, ती त्याचं नाव लिहून दाखवायची. मी ते बोटानं मातीत गिरवायचो. ती म्हणायची, "बाबा, तुमच्या अक्षराचा गुडघा दुखतोय."

पण दगडांची खूण मी वहीत घालू दिली नाही. तयार झाड कोणतं हे ज्याला कळलं, त्याला चोरीची वाटही कळली. ती खूण मी चौघांतल्या एकालाच दिली, जावयाला. लेक तेव्हा शेजारी उभी होती. म्हणजे आम्ही तिघं.

आणि आता माझ्यासमोर तीन दगड एकावर एक रचलेले होते. चढाकडच्या अंगाला. मोठा खाली.

बाहेरचा चोर असता तर त्यानं दगडांकडे बघितलंसुद्धा नसतं. ज्यानं हे झाड मारलं त्यानं भोक पाडून, औषध ओतून, माती लिंपून झाल्यावर वाकून तिन्ही दगड उचलले होते आणि नीट रचले होते. ज्या झाडाला पुढचं वर्षच नाही, त्याचं मोजणं त्यानं पहिल्यापासून सुरू केलं होतं.

मी उतारभर फिरलो. तेवीस झाडं निघाली. तेविसांखालचे दगड उचललेले, तेविसांच्या वरच्या अंगाला रचलेले.

शिट्टी गळ्यात होती. ती वाजवायला हवी होती. मी वाजवली नाही. संध्याकाळी ती पुढच्या घरी देऊन आलो. हाताला लागलेला डिंक निघेना, म्हणून राखेनं हात चोळत बसलो.

जावई अंधार पडता पडता आला. माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "मामा, वर गेला होतात?"

"चरापर्यंत," मी म्हणालो.

त्यानं पाय धुतले आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर होतो तेव्हा शेळीवाला आला. गावाच्या टोकाला त्याचं खोपट, दावणीला अकरा शेळ्या. रान बंद झालं त्याचा सगळ्यात जास्त जाच त्यालाच झाला होता. बांधाबांधानं, लोकांच्या शिव्या खात तो शेळ्या चारायचा. पण त्याच्या पाळीच्या दिवशी तोही शिट्टी गळ्यात घालून टेकडीवर जायचा, एकही पाळी चुकली नव्हती.

तो गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाच्या वर ओरडला, "अध्यक्ष, जरा ते पीठ थांबवा!"

गिरणीवाल्यानं मशीन बंद केलं. भुवयांवरचं पीठ पुसलं. "काय रे, शेळी व्यायली का?"

"थट्टा नको. रानात काहीतरी झालंय. झाडांना भोकं आहेत. आणि ही बाटली चरात पडली होती." त्यानं प्लास्टिकची रिकामी बाटली पुढं केली.

दळणाला आलेली माणसं गोळा झाली. जावई मागच्या बाजूला माझं पोतं उचलायला आला होता. तो पुढं झाला. बाटली हातात घेतली, हुंगली, आणि अगदी शांतपणे विचारलं, "भोकं आहेत हे तुला कसं कळलं?"

"शेळी गेली होती आत. तिच्यामागं गेलो."

"म्हणजे आत गेला होतास."

"अरे, शेळी गेली म्हणून..."

"गेला होतास ना? आणि बाटली कुणाच्या हातात आहे?"

"आता तर तुझ्या हातात आहे की!" शेळीवाला म्हणाला. दोघं-तिघं हसले. पण हसणं लगेच विरलं. कुणीतरी मागून म्हणालं, "रान बंद झाल्यापासून याच्या पोटात दुखतंच आहे." दुसरा म्हणाला, "याच्यापाशी गिरमिट कुठून आलं असेल?" तिसरा म्हणाला, "औषध देणारा गिरमिटही देतो."

शेळीवाल्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. "काका, तुम्ही सांगा. परवाच्या रात्री शिट्टी तुमच्या घरी आली ना? काल पाळी तुमची. तुम्ही वर गेला होतात. तुम्हाला काही दिसलं?"

जावयाचे डोळे माझ्यावर होते. मी दळणाच्या पोत्याच्या तोंडाला दोरी बांधत होतो. ती एकदा बांधून झाली होती, मी पुन्हा सोडून बांधली.

"माझा गुडघा दुखत होता," मी म्हणालो. "वरपर्यंत गेलो नाही."

सहा दिवसांनी सभा ठरली. तोवर शेळ्या गिरणीमागच्या पत्र्याच्या बंदिस्त खोपीत कोंडायच्या, असं लोकांनी ठरवलं. शेळीवाल्यानं त्या स्वतःच हाकत आणल्या. दुसरं कुणी आणायला गेलं असतं तर त्या आल्या नसत्या.

दुपारी जावई घरात नव्हता. लेक पडवीत डिंकाची चाळणी दुरुस्त करत बसली होती. तार ओढताना तिच्या दातांत सुतळी होती.

"त्याचं गिरमिट कुठं आहे?" मी विचारलं.

तिनं सुतळी दातांतून काढली नाही. तार गुंडाळली, गाठ मारली, मग म्हणाली, "ज्याला विचारायचं त्याला विचारा."

"तुला विचारतोय."

"बाबा, मला आधी काही माहीत नव्हतं. परवा कळलं." तिनं चाळणी बाजूला ठेवली. "बाजारातल्या डिंकाच्या व्यापाऱ्यानं त्यांना या डिंकाच्या बदल्यात गोदामात कायमचं काम देतो म्हटलंय. वर राहायला खोली. स्वतःची खोली. या गावात त्यांना आठ वर्षं झाली. आठ वर्षांत एक माणूस त्यांना नावानं हाक मारत नाही."

"म्हणून झाडं मारायची?"

"झाडं पुन्हा येतील. हा माणूस पुन्हा येणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हीसुद्धा त्यांना पाहुणा म्हणता."

मी चाळणी उचलून उगाच उलटीपालटी केली. मग विचारलं, "आणि शेळीवाला?"

"त्याचं काय होणार आहे? चार दिवस बोलतील. त्याला तसंही रानात कुठं सोडतात?" ती उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. लहानपणी काही हवं असलं की बसायची तशी. "बाबा, तुम्ही नाही बोललात तर कुणाला कळणार आहे? दगड वाचता येतात कुणाला?"

म्हणजे त्यानं दगड रचल्याचंही तिला ठाऊक होतं. मी तर दगडांचा शब्दही काढला नव्हता.

"घर तुटेल," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

तो खरंच माझा होता. रान बंद करताना लोक म्हणाले होते, जो झाडाला इजा करील त्याला पाच वर्षं रानबंदी. मी उभा राहून म्हणालो होतो, नुसती त्याला नको, त्याच्या घराला. माणूस एकटा रानात शिरत नाही, त्याच्यामागं त्याची चूल शिरते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता बोललो तर मला टेकडी नाही. लेकीला गावात तोंड नाही. आणि नाही बोललो तर एका निर्दोष माणसाच्या दारामागचा खिळा रिकामा.

मी त्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीमागून शेळ्यांचं ओरडणं दिवसभर ऐकू येत होतं. पत्रा तापलेला. शेळीवाला पाठीवरून पाला वाहत होता, हौदावरून कळशीनं पाणी नेत होता. बायका त्याला रांगेत मागं सारायच्या. "तुझ्या शेळ्या प्यायल्या की आमच्या पोरांना काय उरणार?" एकीनं त्याची कळशी पायानं सरकवली. त्यानं ती उचलून पुन्हा रांगेच्या शेवटी ठेवली. हे मी हौदाच्या पायरीवरून पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आमच्या दारावरून गेला. खांद्यावर शेळी होती. गाभण शेळी, तिचं पोट त्याच्या मानेवर हलत होतं, पाय पुढं लोंबत होते. उन्हात तो सावकाश चालला होता. मी दारात होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. जावई आत पाटाचा पाय ठोकत होता. ठोकणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

सभा गिरणीच्या पडवीत भरली. पोती अंथरलेली, हवेत पिठाचा वास. लेक समितीची वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. जावई खांबाला टेकून. शेळीवाला सगळ्यांपासून हातभर दूर, जमिनीवर.

गिरणीवाल्यानं बाटली मधोमध ठेवली. "तेवीस झाडं," तो म्हणाला. "आम्ही मोजून आलो. काका, या झाडांचा जाणता माणूस तुम्ही. आधी तुम्ही बोला. हे याचं काम आहे का?"

मी उठलो. उठताना गुडघ्यानं कळ दिली आणि मला खांब धरावा लागला. तोच खांब, ज्याला जावई टेकला होता. तो जरा सरकला.

"शेळीवाल्या," मी म्हणालो, "डिंकाच्या झाडांच्या बुंध्याशी दगड असतात, ते कशाला?"

"कोणते दगड?"

"मुठीएवढे. कुठं एक, कुठं तीन."

"ते होय! मला काय ठाऊक, पोरं खेळत असतील. पाळीला जातो तेव्हा माझा अंगठा फुटतो त्यांच्यावर. ठेवणाऱ्याला मी दोन शिव्या हासडतो."

लोक हसले. "मग त्या शिव्या मला लागल्या," मी म्हणालो. हसणं वाढलं. ते ओसरेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. तीन वर्षांचं, तीन दगडांचं, खाच दिल्यावर ते उचलून वरच्या अंगाला रचण्याचं. वडिलांनी मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. आयुष्यात पहिल्यांदाच ते मी चारचौघांत बोलत होतो. "तेविसांखालचे दगड उचललेले आहेत," मी म्हणालो. "रचलेले आहेत. मोठा खाली. ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याचे हात तिकडे जात नाहीत."



"तुम्ही तर वर गेला नव्हतात," गिरणीवाला हळू म्हणाला.

"गेलो होतो. सगळं पाहिलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बाटलीकडे. "ही खूण ठाऊक कुणाला?"

"तिघांना. एक मी."

पुढचं नाव माझ्या तोंडून निघेना. वाट बघावी लागली नाही. खांबापाशी जावई बोलला. तो लोकांशी बोलत नव्हता.

"हात आपोआप गेला, मामा," तो म्हणाला. "भोक पाडलं, माती लावली आणि हात आपोआप दगडांकडे गेला. प्रत्येक झाडाला. मी ठरवलं नव्हतं." मग म्हणाला, "तुम्हीच लावलेली सवय."

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "पाहुणे, आता तरी निघा." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

गिरणीवाल्यानं घसा साफ केला. "काका, नियम घरासाठी आहे. एकट्यासाठी नाही."

"माहीत आहे."

"पाच वर्षं."

"माहीत आहे म्हणालो ना."

शेळीवाला उठला. त्यानं मागं जाऊन पत्र्याचं दार उघडलं आणि दहा शेळ्या हाकत रस्त्यानं निघून गेला. त्या धड चालत नव्हत्या. सहा दिवसांनी उन्हात आल्यावर त्यांना रस्ताच दिसत नव्हता.

दोन दिवसांनी लेक आणि जावई गाव सोडून निघाले. ट्रंक, गोधड्या, त्याची सुतारकामाची पेटी. गिरमिट पेटीत होतं की नाही ते मी पाहिलं नाही. जावयानं माझ्या पायांना हात लावला. मी त्याला नावानं हाक मारली. आठ वर्षांत पहिल्यांदा. तो थांबला, मग त्यानं ट्रंक उचलली.

लेक उंबऱ्यात म्हणाली, "तुम्ही घरात विचारलं असतंत, घरातच मिटवलं असतं."

"विचारलं होतं. तुलाच विचारलं होतं."

गाडी वळली तेव्हा तिनं मागं बघितलं नाही. बाजारात पुढं काय झालं ते लोकांकडून कळलं. व्यापारी म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. दोघं कुठंतरी दुसरीकडे गेले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं लोक म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं.

समितीची वही घरातच राहिली होती. परत देण्याआधी मी ती चाळली. झाडांची नावं, खाचेची खोली, महिने, सगळं तिच्या गोल अक्षरात. एका पानावर समासात लिहिलं होतं, 'बाबा म्हणतात, झाड ठोकल्याशिवाय सुरी काढू नये.' मी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. मग शेवटचं पान उलटलं. तिथं यादी होती. 'मावळतीचा उतार, खडकाजवळ, तीन दगड. त्याच्या खालचं, तीन दगड. वळणावरचं दुहेरी खोड, तीन दगड.' मोजली. तेवीस. प्रत्येकापुढं बरोबरची खूण केलेली. वर तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची. थंडीतली.

अक्षर जावयाचं नव्हतं.

परवा कळलं, असं ती म्हणाली होती. सभेत तो एकटाच उभा राहिला होता. तिघांतलं दुसरं नाव त्यानं स्वतःचं सांगितलं आणि तिसऱ्याबद्दल तो बोलला नाही. मला मात्र ते तिसरं नाव वाचता आलं, कारण वाचायला तिनंच शिकवलं होतं.

पान मी फाडलं नाही. वही होती तशी गिरणीवाल्याकडे नेऊन दिली. शेवटचं पान कुणी उलटलं असेल तर मला तसं कुणी बोललं नाही. दारामागचा खिळाही मी काढला नाही.

पाऊसकाळ झाला. टेकडी हिरवी झाली. चराच्या अलीकडे उभं राहिलं की मावळतीचा उतार दिसतो. सगळी झाडं पानांनी भरली होती. मध्ये मध्ये करडी, उघडी खोडं दिसायची. मी ती मोजायचो नाही, पण मोजली जायची.

समितीला शिकवणारं माणूस हवंच होतं, आणि मला चर ओलांडायची बंदी होती. म्हणून असं ठरलं की शिकणाऱ्यानं पलीकडे उभं राहायचं आणि मी अलीकडून सांगायचं. तिघं जुने येईनासे झाले. शेवटी एक दिवस शेळीवाला आला. गळ्यात शिट्टी, हातात सालीचा तुकडा.

"हे जागं आहे का झोपलंय?" त्यानं सरळ विचारलं. राम राम नाही, काही नाही.

मी तुकडा हातात घेतला, वास घेतला. "झोपलंय. दिवाळं काढू नकोस त्याचं. थंडी सरू दे."

तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. विचारायचा तेवढंच. मी सावलीत तांब्या ठेवायचो, तो माझं पाणी प्यायचा नाही. पण हात चांगला होता त्याचा. शेळीचं पोट चाचपणाऱ्याचा हात, हलका. मी त्याला दगडांचं पुन्हा नीट सांगितलं. ऐकून म्हणाला, "आता तर सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"आता गावानंच राखायचं."

एका सकाळी तो लवकर आला. वरून फिरून आला होता, पायांना ओलं गवत चिकटलेलं.

"वाळलेल्या झाडाखाली किती दगड ठेवायचे?" त्यानं विचारलं.

मी विचार केला. वडिलांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळात असं कुणी विचारलंच नसेल.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "त्या दिवशी गिरणीवर मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना?"

"हो."

"माझी शेळी चौथ्या दिवशी मेली."

"हो. मी दारात होतो."

"मला माहीत आहे तुम्ही दारात होतात."

तो खाली वाकला. पायाजवळच्या खड्यांतून त्यानं एक मुठीएवढा दगड निवडला, हातावर तोलला. मग चरात उतरला, अलीकडे चढून आला आणि तो दगड माझ्या पायांशी, अगदी अंगठ्याजवळ, ठेवला.

"पहिलं वर्ष," तो म्हणाला.

मग तो चर ओलांडून गेला. शिट्टी वाजवत, झाडं ठोकत, वर वर चढत गेला. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथं उभा होतो. मग काठी घेतली आणि तो दगड आहे तिथंच ठेवून घरी आलो.